कोणतं औषध लावायचं, हा नंतरचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातले काही डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्याचं काम करणारे कार्यकर्ते एकत्र बसलो होतो. विषय एकच होता: चिघळलेल्या जखमांसाठी ग्रामीण रुग्णालयांत चांदीची (जंतू मारण्यासाठी चांदीचा अंश घातलेली) ड्रेसिंग मोफत मिळावीत, अशी मागणी करायची की नाही. दीड तास चर्चा झाली. एका बाजूचं म्हणणं, शहरातल्या माणसाला जे मिळतं ते खेड्यातल्याला का मिळू नये? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, इतकी वर्षं बीटाडीनवर जखमा भरत आल्या, मग हा खर्च कशाला? त्यावर एका तरुण डॉक्टरने सांगितलं की बीटाडीन जंतूंबरोबर आपल्या पेशीही मारतं, ते जखमेत घालूच नये. कोणी मधाची बाजू घेतली, कोणी हळदीची आठवण काढली. आवाज चढले. पण ज्या पायावर हे सगळं लावायचं त्या पायाची नाडी लागते का, हे त्या दीड तासात एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. घरी परतताना ते मनाला लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चिघळलेल्या जखमेवर जंतुनाशक जरूर वापरावं. मात्र ते मुदतीचं औषध आहे, आणि ते लावण्याआधी चार कामं व्हायला हवीत: मेलेलं मांस काढणं, साचलेला पू मोकळा करणं, रक्तपुरवठा तपासणं आणि जखमेवर पडणारा दाब हटवणं. ही कामं बाजूला ठेवून आयोडीन चांगलं की चांदी चांगली असा वाद घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सरकारी पैसा आधी कशावर खर्च व्हावा, याचं उत्तरही मला याच क्रमात दिसतं.

'जंतुनाशक नकोच' म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. १९८५ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग त्यांच्या मुळाशी आहे. पोव्हिडोन आयोडीन (म्हणजे आपलं बीटाडीन), हायड्रोजन पेरॉक्साइड, ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम हायपोक्लोराइट ही चारही द्रावणं नेहमीच्या तीव्रतेत काचेच्या बशीतल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर घातली, तेव्हा चौघांनीही त्या पेशी मारल्या. याच पेशी जखम भरून आणतात. त्यातही पेरॉक्साइडबद्दल मला स्वतःला काहीच ममता नाही. त्याचा फेस पाहून रुग्णाला वाटतं की घाण उकळून बाहेर येते आहे. खरं तर आपल्याच पेशींमधल्या कॅटलेज या विकरामुळे ऑक्सिजन सुटून तो फेस होतो. खोल, बंद पोकळीत ते दाबून सोडलं तर ऑक्सिजनचे बुडबुडे रक्तात शिरण्याचा धोका असतो.

पण त्याच प्रयोगाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. आयोडीनचं द्रावण हजारपट विरळ केल्यावर पेशी जगल्या आणि जंतू मेले. मग बशीतला तो विरळपणा तसाच उचलून रोजच्या वापरात आणावा का? तेही जमत नाही. बशीत पू नसतो. चिघळलेल्या जखमेत पू, रक्त आणि कुजलेलं मांस असतं. त्यांतली प्रथिनं आयोडीनला गाठून निकामी करतात आणि ते तळापर्यंत पोचतच नाही. एकाच औषधाबद्दल दोन टोकाची मतं कशी टिकून राहतात याचं कारण इथे आहे. भरत आलेल्या, गुलाबी, स्वच्छ जखमेवर तेच द्रावण जास्त पडतं आणि घाणीने भरलेल्या जखमेवर कमी पडतं. बाटली एकच, जखम वेगळी. जखमेचं वर्णनच न करता बाटलीवर निकाल देणाऱ्यांचं कोणाचं ऐकायचं?

हा वाद नवाही नाही. शंभर वर्षांपूर्वी तो याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. जोसेफ लिस्टर या सर्जनने १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. अशा पायाला तेव्हा करवतच लागायची. त्या मुलाचा पाय वाचला. पुढच्या पन्नास वर्षांत जंतुनाशक म्हणजे शस्त्रक्रियेचा आधारस्तंभ झाला. मग १९१४ चं महायुद्ध आलं. फ्रान्सच्या शेणखत घातलेल्या शेतांत सैनिक पडले, तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर माती आणि कपड्यांच्या चिंध्या मांसात खोल गेल्या. कार्बोलिक ओतलं, आयोडीन ओतलं, तरी पाय सडत राहिले. बुलोनच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने (पेनिसिलिनचा शोध अजून खूप दूर होता) तेव्हा एक साधा प्रयोग केला. काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने पोकळ काटे ओढून काढले. युद्धातल्या जखमेला असतात तसे कोनेकोपरे. त्या नळीत जंतू मिसळलेलं द्रव भरलं, ओतून टाकलं, मग जंतुनाशक भरून ठेवलं. तेही ओतून देऊन स्वच्छ द्रव भरलं. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जंतूंनी भरलेली. जंतू काट्यांच्या टोकांत बसून होते, औषध तिथे गेलंच नव्हतं. उलट जखमेत लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी मात्र औषधाने आधी मरत होत्या, हेही त्याने दाखवलं.

मग फ्लेमिंग बरोबर आणि लिस्टर चूक, असं म्हणून मोकळं व्हायचं का? त्याच युद्धात, त्याच फ्रान्समध्ये, कोंपिएन्यला सर्जन अलेक्सी कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी अर्धा टक्का हायपोक्लोराइटचं द्रावण वापरून असंख्य अवयव वाचवले. त्यांच्या पद्धतीतलं द्रावण सगळ्यांच्या लक्षात राहिलं, बाकीची पद्धत विसरली गेली. कॅरेल आधी जखम रुंद उघडायचा, मेलेलं सगळं कापून काढायचा, चिंध्या आणि तुकडे वेचायचा. मग रबराच्या बारीक नळ्या जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात सोडून दर दोन तासांनी ताजं द्रावण पोचवायचा. जखमेतला स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचा आणि ते पुरेसे कमी झाले की औषध थांबवून जखम शिवायचा. म्हणजे फ्लेमिंगच्या नळीतले काटे त्याने आधी कापून टाकले होते. दोघांच्या अनुभवांत विरोध नाहीच. आणि खुद्द लिस्टर? हवेतले जंतू मारायला शस्त्रक्रियेच्या टेबलावर कार्बोलिकचा फवारा त्यानेच सुरू केला होता. १८९० साली बर्लिनच्या परिषदेत, आपण असा सल्ला कधीकाळी दिला याची आपल्याला लाज वाटते, असं त्याने उघड सांगितलं. ज्या माणसाने जंतुनाशकांचं युग आणलं त्यालाही ती कुठे थांबवायची हे कळलं होतं.

आता आपल्याकडे येतो. काही काळापूर्वी ऊसतोडीला जाणारी एक मावशी आली. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, सात महिन्यांची जखम. शुगर आठ वर्षांपासून. तिने हातातली कॅरीबॅग टेबलावर उपडी केली: मलमाच्या पाच नळ्या, एक पावडर, तपकिरी औषधाची अर्धी बाटली, एका चांदीच्या ड्रेसिंगचं रिकामं पाकीट. ते पाकीट मुलाने शहरातून आणलं होतं. म्हणाली, "डॉक्टर, सगळं लावून झालं, आता तुमच्याकडचं चांगलं औषध द्या." पट्टी मांसाला चिकटली होती, सलाइनने भिजवून हळूहळू सोडवली. कडेला पांढऱ्या, टणक कातडीचा घट्टा चढला होता, अगदी खुरासारखा. ब्लेडने तो घट्टा तासला तेव्हा त्याच्याखालून चमचाभर पू आला. सात महिन्यांत त्या घट्ट्याला कोणी हात लावला नव्हता. मग मी तिची चप्पल मागितली. ती संकोचली, चप्पल कशाला हवी? आतून बोट फिरवलं, तर नेमक्या अंगठ्याच्या बुडाला तळातून एक बारीक खिळा वर आला होता. माझ्या बोटाला टोचला. तिच्या पायाला तो सात महिने टोचत होता आणि तिला कळलं नव्हतं, कारण शुगरने पायाची जाणीवच गेली होती. त्या खिळ्यावर चांदी काय करणार होती?

हे ज्ञान आपल्या देशात तयार झालेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं आणि आपण ते विसरलो याचं तितकंच दुःख होतं. कुष्ठरोगात बोटं झडतात ती मांस आपोआप कुजतं म्हणून, असा समज होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं, वेदना हरवलेली असते. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. त्यांनी तळव्याच्या जखमा प्लॅस्टरमध्ये बांधल्या, दाब सगळ्या पायावर वाटला गेला आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा काही आठवड्यांत भरल्या. मऊ रबराच्या एमसीआर चपलाही त्याच कामातून आल्या. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं, पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. पायाची रोज निगा राखली तर पाय टिकतो, हे महाराष्ट्राने या संस्थांमधून पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. आज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या बधिर पायांची गरज कुष्ठरुग्णाच्या पायासारखीच आहे. तरी आपण चप्पल सोडून पाकिटांवर वाद घालतो.

चांदीची बाजू घेणाऱ्यांना मात्र मी उडवून लावणार नाही. चांदी जंतू मारते, यात शंका नाही. मोठ्या भाजलेल्या जखमांत १९६८ नंतर सिल्व्हर सल्फाडायझिन या चांदीच्या मलमाने अनेकांना जंतुसंसर्गापासून वाचवलं. इंग्लंडमध्ये २०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायाच्या शिरांतल्या दोषामुळे होणाऱ्या जखमांवर चांदीच्या आणि साध्या ड्रेसिंगमध्ये भरण्याच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही. त्यावर चांदीवाल्यांचा आक्षेप असा की त्या जखमा चिघळलेल्या म्हणून निवडलेल्याच नव्हत्या, मग चांदीला दोष का? हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो मान्य केल्यावर पुढचं पाऊलही टाकावं लागतं. जी जखम चिघळलेली नाही तिच्यावर चांदी नको, हे त्या आक्षेपातच आलं. प्रत्यक्षात हे ड्रेसिंग जखमेत जंतुसंसर्ग आहे की नाही हे न पाहता, महिनोन्‌महिने लावलं जातं. तिथे पैसा तर जातोच, शिवाय सल्फाडायझिनचा पिवळट थर साचून खालची जखम किती खोल आहे हे दिसेनासं होतं आणि भरणंही लांबतं. चांदीला जंतू सरावत नाहीत, हाही भ्रमच. चांदीला दाद न देणारा साल्मोनेला बोस्टनच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सापडल्याची नोंद १९७५ सालची आहे.

मधाबद्दल बोलताना मी सोलापूरचं नाव घेतल्याशिवाय राहू शकत नाही. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन लावलं. सात दिवसांत मधाच्या गटात ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. ब्रिटनच्या शस्त्रक्रियेच्या नामांकित नियतकालिकात १९९१ साली हे छापून आलं आणि जगभर मधाकडे नव्याने पाहिलं जाऊ लागलं. सुश्रुतानेही व्रणाच्या साठ उपक्रमांत मध आणि तूप सांगितलं आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण अभिमान आणि पुरावा यांची सरमिसळ नको. मध आणि पांढरं मलम डोळ्यांना सरळ वेगळं दिसतं, त्यामुळे मोजणाऱ्याला कोणाला काय लावलं हे कळतं. शिवाय ज्या मलमाशी तुलना केली ते स्वतःच भाजलेली कातडी भरायला उशीर लावतं, म्हणजे प्रतिस्पर्धी मुळात अशक्त. आणि दुकानातला मध जखमेसाठी नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात, म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. राहिली सुश्रुताची गोष्ट. त्याच सुश्रुताने छेदन, भेदन, लेखन, एषण, विस्रावण ही शस्त्रकर्मं सांगितली: कापणं, उघडणं, खरवडणं, धुंडाळणं, पू वाहू देणं. मधाच्या बाजूने सुश्रुताचा दाखला देणाऱ्यांनी त्याचं शस्त्रही हातात घ्यावं.

या सगळ्यावर मला जो आक्षेप सगळ्यात जड वाटतो तो पुस्तकातला नाही. बैठकीनंतर एका परिचारिकेने मला बाजूला घेऊन सांगितला: "सर, तुम्ही म्हणता ते खरं. पण आमच्या उपकेंद्रावर मेलेलं मांस काढणारं कोण आहे? रक्तप्रवाह तपासायचं डॉप्लर यंत्र कुठे आहे? पेशंट मजुरी बुडवून रोज येणार आहे का? पाकीट लावलं की तीन दिवस बघावं तरी लागत नाही. आमच्या हातात तेवढंच आहे." तिचं म्हणणं खरं आहे, आणि मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. ड्रेसिंग रोज बदलावं लागू नये ही गरज खरी आहे, ती मजुरीची गरज आहे. पण तीन दिवस टिकणारं ड्रेसिंग चांदीचंच असावं लागत नाही. जखम ओलसर ठेवली तर कातडी लवकर चढते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. पॅराफिन गॉज (पॅराफिन लावलेली, जखमेला न चिकटणारी जाळीदार पट्टी) आणि वर स्राव शोषणारा जाड पॅड हेही तीन दिवस राहतं. धुवायला महाग द्रावण लागतंच असंही नाही. पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने जखम धुतली म्हणून जंतुसंसर्ग वाढतो, असं चाचण्यांत आढळलेलं नाही. आणि पायाची नाडी बघायला दोन बोटं पुरतात. जाणीव बघायचा दहा ग्रॅमचा (म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा) नायलॉनचा तंतू खिशात मावतो. मेलेलं मांस काढायला सर्जन लागतो हे मान्य, पण टणक घट्टा तासणं, पू कुठे दडला आहे हे बोथट सळीने पाहणं आणि कोणता पाय त्याच दिवशी पुढे पाठवायचा हे ओळखणं प्रशिक्षित परिचारिका करू शकते. पाकीट मिळाल्यावर मात्र हे शिकवण्याची निकड कोणालाच उरत नाही. माझी खरी भीती तीच आहे.

मग जंतुनाशक निवडायचं कसं? आधी जखम खरंच चिघळली आहे का ते पाहावं. प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतात, त्यामुळे वरवर फिरवलेल्या स्वॅबच्या रिपोर्टात जंतूचं नाव आलं म्हणून औषध सुरू करणं चूक. आजूबाजूला लाली, गरमपणा, सूज, नव्याने सुरू झालेला ठणका, पू, वास, हात लावताच रक्त येणारं लुसलुशीत मांस, भरत आलेली जखम अडून बसणं, ही खरी लक्षणं. लाली कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, ताप आला, पाय काळा-निळा पडला, तर ड्रेसिंगचा विचार सोडून रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवायचं. ते काम पोटातल्या किंवा शिरेतल्या प्रतिजैविकाचं आणि शस्त्राचं आहे. लक्षणं जखमेपुरतीच असतील तर साफ केल्यावर आयोडीन पुरेसं आहे, मात्र थायरॉइडचा विकार असेल किंवा रुग्ण तान्हं मूल असेल तर टाळावं. क्लोरहेक्झिडीन हे दुसरं जंतुनाशक कानाच्या आत आणि मेंदूच्या जवळ कधीच नको. हिरवट पू आणि त्याचा तो ओळखीचा गोडसर वास आला की तो स्यूडोमोनास हा जंतू. तिथे विरळ ॲसेटिक ॲसिड किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेलं तीन टक्क्यांचं सायट्रिक ॲसिड, ही स्वस्त आणि समंजस निवड. प्रतिजैविकांची मलमं मात्र जखमेवर सरसकट थापू नयेत. फ्रामायसेटिनसारख्यांनी कातडीला ॲलर्जी येते, आणि म्युपिरोसिनसारखं उपयोगी औषध आपण जंतूंना सवय लावून हातचं घालवू. मधुमेही पायाची जखम केवळ 'लवकर भरावी' म्हणून चांदी, मध किंवा कोणतंही जंतुनाशक वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मधुमेही पाद कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे.

त्या मावशीला मी दहा दिवस आयोडीन दिलं आणि बंद केलं. लाली ओसरल्यावर पायाला प्लॅस्टर घातलं, आत साधा पॅराफिन गॉज. शुगर आवरायला गोळ्या बदलल्या. "औषध कसं काय नाही?" असं ती दर खेपेला विचारायची, आणि मी दर खेपेला तिला तो खिळा दाखवायचो. तो मी टेबलाच्या खणात ठेवला होता. आठव्या आठवड्यात प्लॅस्टर कापलं तेव्हा जखमेच्या जागी पातळ गुलाबी कातडी होती.

पुढच्या बैठकीसाठी मागणीपत्राचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्यात मी यादी नव्याने लिहिली आहे. पहिल्या ओळीत प्रत्येक उपकेंद्राला दहा ग्रॅमचा तंतू आणि परिचारिकांना पायाची तपासणी व घट्टा तासण्याचं प्रशिक्षण. दुसऱ्या ओळीत ग्रामीण रुग्णालयात हातात धरायचा डॉप्लर. तिसऱ्या ओळीत प्लॅस्टरचं साहित्य आणि ते घालायला शिकलेला एक माणूस. चौथ्या ओळीत बधिर पायाच्या प्रत्येक रुग्णाला वर्षाला एमसीआर चपलांचे दोन जोड. चांदीचं ड्रेसिंगही आहे, पाचव्या ओळीत, आणि त्याच्यापुढे लिहिलं आहे: जखम साफ केल्यानंतर, जंतुसंसर्गाची लक्षणं असतील तरच, जास्तीत जास्त चौदा दिवस, बंद करण्याची तारीख केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहून.